कर्नलच्या कुलपाची किल्ली कर्नलकडे नको

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम बाहेर पडला आणि त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. त्याची झळ रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरालाही लागली, कारण तेथील एक टर्मिनल याच कंपनीच्या समूहाकडे होते आणि त्याचे कामकाज ठप्प झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि नुकसानीचा तिचा स्वतःचा अंदाज वीस ते तीस कोटी डॉलरचा होता.

या प्रोग्रामजवळ पसरण्याचे दोन मुख्य मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे विंडोजमध्ये नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याची जी यंत्रणा आहे तिच्यातील एक दोष. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती, पण ती सगळीकडे बसवली गेली नव्हती. दुसरा मार्ग दिसायला साधा आणि म्हणूनच अधिक घातक होता: एका संगणकात शिरल्यावर त्याच्या मेमरीत असलेली पासवर्डची गुपिते उचलायची आणि ती दाखवून शेजारच्या संगणकात अगदी रीतसर, ओळखीच्या माणसासारखे आत जायचे. शेजारच्या संगणकावर मार्चमधील दुरुस्ती बसवलेली असली, तरी या दुसऱ्या मार्गापुढे तिचा उपयोग नव्हता. गुपिते सांभाळणे हे ज्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम, तिच्याच मेमरीतून ती अशी उचलता कशी येतात, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला सॉफ्टवेअर ओलांडून प्रोसेसरपर्यंत खाली उतरावे लागते.

प्रोसेसरच्या दृष्टीने सगळे सॉफ्टवेअर म्हणजे आज्ञांची रांग असते; त्यातील कोणती आज्ञा विश्वासू कर्मचाऱ्याची आणि कोणती चोराची, हे त्याला आपोआप कळत नाही. त्यामुळे अधिकारांचे किमान दोन दर्जे प्रोसेसरमध्येच कोरून ठेवावे लागतात. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस संगणकात पर्यवेक्षक प्रोग्रामला वेगळा दर्जा होता, आणि त्याच दशकात एमआयटीमध्ये आकाराला आलेल्या मल्टिक्स या प्रणालीने एकात एक बसणाऱ्या वर्तुळांची, म्हणजे ‘रिंग’ची, कल्पना मांडली. इंटेलच्या १९८२ सालच्या ८०२८६ या प्रोसेसरमध्ये अशा चार रिंग आल्या. प्रत्यक्षात विंडोज आणि लिनक्स या दोघांनीही त्यांतील दोनच वापरल्या: रिंग ० मध्ये कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि रिंग ३ मध्ये आपले ब्राउझर, वर्ड, गेम वगैरे बाकी सगळे. मधल्या दोन रिंग रिकाम्याच राहिल्या, आणि ही काटकसर पुढे महागात पडली असे म्हणायला जागा आहे.

रिंग ३ मधील प्रोग्रामला डिस्कवर लिहायचे असेल, तर तो स्वतः लिहू शकत नाही. त्याला एका ठरावीक आज्ञेने कर्नलला हाक मारावी लागते. ती आज्ञा दिली की प्रोसेसर रिंग ० मध्ये जातो, मात्र जाताना तो कर्नलने आधी नेमून दिलेल्या एकाच दारातून आत शिरतो. प्रोग्रामला हवे त्या ठिकाणी उडी मारून कर्नलमध्ये घुसता येत नाही.

मेमरीची राखण याच पद्धतीने होते. मेमरी साधारणतः चार किलोबाइटच्या पानांमध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी कर्नल एक तक्ता ठेवतो: प्रोग्रामला दिसणारे अमुक पान प्रत्यक्ष मेमरीत तमुक ठिकाणी आहे. या तक्त्यातील प्रत्येक नोंदीला काही खुणा जोडलेल्या असतात. हे पान रिंग ३ ला दिसावे की नाही, त्यावर लिहिता यावे की नाही, आणि २००३-०४ पासून सर्वसामान्य संगणकांत आलेली तिसरी खूण म्हणजे त्यातील मजकूर आज्ञा म्हणून चालवता यावा की नाही. मेमरीला हात लावण्याच्या प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी प्रोसेसरमधील एक खास भाग या खुणा तपासतो आणि नियमभंग झाला की काम तिथेच थांबवून कर्नलला वर्दी देतो. ही तपासणी सिलिकॉनमध्ये घडते, त्यामुळे तिला चुकवून जाणारी आज्ञा लिहिता येत नाही. एका प्रोग्रामला दुसऱ्याची मेमरी दिसत नाही, ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट या तक्त्यांवर उभी आहे.

अडचण अशी की हे तक्ते लिहितो कोण, तर कर्नलच. तक्ते, दारे, खुणा, कोणाला काय दिसावे याचे सर्व निर्णय रिंग ० कडे आहेत. आणि रिंग ० मध्ये शिरलेल्या कोणत्याही आज्ञेला प्रोसेसर कर्नलचीच आज्ञा समजतो. कर्नल हा काही आटोपशीर, दहादा तपासून पाहिलेला छोटा प्रोग्राम नव्हे. लिनक्सच्या कर्नलच्या मूळ मजकुरात अडीच कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांतील मोठा वाटा ड्रायव्हरचा, म्हणजे निरनिराळी उपकरणे चालवणाऱ्या तुकड्यांचा आहे. प्रिंटरचा, ग्राफिक्स कार्डाचा, अँटिव्हायरसचा ड्रायव्हर एकदा रिंग ० मध्ये आला की त्याच्यात आणि कर्नलच्या मुख्य भागात कोणतीही भिंत उरत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने वाचलेल्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो हल्ला नव्हता, नुसती चूक होती. पण रिंग ० मधील एका तुकड्याची चूक संपूर्ण यंत्राची चूक कशी होते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. तोच तुकडा हल्लेखोराच्या हाती लागला, तर यंत्र कोसळत नाही. ते शांतपणे त्याच्या सांगण्याप्रमाणे वागू लागते, आणि हे अधिक वाईट आहे.

आता कर्नलमध्येच आणखी एक रखवालदार बसवला तर? अनेक वर्षे तसे प्रयत्न झाले. परंतु तो रखवालदारही रिंग ० मध्येच असल्यामुळे, त्या रिंगमध्ये शिरलेला हल्लेखोर त्यालाही बदलू शकतो. कुलूप कितीही भक्कम असले, तरी त्याची किल्ली ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याच्याच कमरेला असेल, तर त्या कुलपाला अर्थ राहत नाही.

शिवकाळातील गडांची व्यवस्था येथे आठवते. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी सारख्या दर्जाने नेमले जात, कोठाराचा कारभार कारखानिसाकडे असे, आणि ही वाटणी अशासाठी होती की कोणाही एकाने परस्पर गड शत्रूच्या हवाली करू नये. तट बाहेरच्या शत्रूसाठी असतो. अधिकारांची वाटणी ही आतला माणूस फितूर होण्याची शक्यता गृहीत धरून केलेली असते. संगणकाच्या बाबतीत रिंग ही तटबंदी झाली. उणीव होती ती वाटणीची, म्हणजे कर्नल फितूर झाला असे धरून चालणाऱ्या व्यवस्थेची.

ती व्यवस्था ज्या यंत्रणेतून आली, ती मुळात यासाठी तयार झालेलीच नव्हती. एकाच यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम भाडेकरूंसारख्या शेजारी शेजारी चालवता याव्यात, म्हणून इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्ये खास सोय केली. तिच्यामुळे कर्नलच्याही खाली एक थर बसवता येतो. त्याला हायपरव्हायजर म्हणतात. कर्नलला आपण रिंग ० मध्ये आहोत असेच वाटते आणि तो असतोही, पण काही ठरावीक कृती त्याने करू जाताच प्रोसेसर सूत्रे हायपरव्हायजरकडे देतो. पाठोपाठ आलेली सुधारणा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये मेमरीच्या तक्त्यांचा दुसरा मजला बांधला. कर्नलचा तक्ता सांगतो की प्रोग्रामचे हे पान ‘प्रत्यक्ष’ मेमरीत अमुक जागी आहे. पण ती जागाही अंतिम नसते. ती खरोखर कोठे आहे आणि तिच्यावर काय करण्याची परवानगी आहे, हे दुसरा तक्ता ठरवतो, आणि तो तक्ता फक्त हायपरव्हायजरला लिहिता येतो. कर्नलने आपल्या तक्त्यात ‘लिहिण्यास मुभा’ अशी खूण केली आणि खालच्या तक्त्यात ती मुभा नसली, तर प्रोसेसर खालच्याचे ऐकतो. कर्नलला हा खालचा तक्ता बदलता येणे दूरच, तो दिसतही नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१५ सालच्या विंडोज १० मध्ये ही यंत्रणा स्वतःच्याच घरात वापरायला सुरुवात केली. यंत्र सुरू होताना आधी हायपरव्हायजर जागा होतो आणि विंडोजचे दोन भाग करतो. एका भागात नेहमीचा कर्नल, सगळे ड्रायव्हर आणि आपले प्रोग्राम असतात. दुसऱ्या भागात एक अगदी लहान, वेगळा सुरक्षित कर्नल असतो. तेथे बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरना प्रवेश नसतो. दोन्ही भाग त्याच प्रोसेसरवर आणि त्याच मेमरीत राहतात, पण खालचा तक्ता दोघांसाठी निराळा असल्यामुळे पहिल्या भागाच्या लेखी दुसऱ्याची पाने अस्तित्वातच नसतात.

न्हावा शेव्यापर्यंत पोहोचलेल्या नॉटपेट्याकडे या नजरेने पुन्हा पाहता येते. विंडोजमध्ये लॉगिनची गुपिते सांभाळणारा एक प्रोग्राम असतो. एकदा पासवर्ड दिला की कार्यालयातील फायली, प्रिंटर, मेल यांसाठी तो पुन्हा पुन्हा विचारला जाऊ नये, म्हणून पासवर्डपासून बनवलेली खूण हा प्रोग्राम आपल्या मेमरीत ठेवतो. ज्याने यंत्रावर प्रशासकाचे अधिकार मिळवले, त्याला पूर्वी ही मेमरी वाचता येत असे, आणि ती खूण मिळाली की मूळ पासवर्ड माहीत नसतानाही तिच्या जोरावर दुसऱ्या यंत्रात जाता येत असे. नव्या रचनेत या खुणा सुरक्षित भागात ठेवल्या जातात. नेहमीच्या भागातील लॉगिनचा प्रोग्राम त्या भागाला प्रश्न विचारतो आणि उत्तर घेतो. गुपित मात्र पलीकडून बाहेर येत नाही. प्रशासकच काय, संपूर्ण कर्नल ताब्यात घेतलेल्या हल्लेखोरालाही ती पाने वाचता येत नाहीत. ही सोय २०१७ च्या दोन वर्षे आधीपासून उपलब्ध होती, पण ती मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्तीत होती आणि मुद्दाम सुरू करावी लागत असे.

पहिल्या मार्गावरही या रचनेत उतारा आहे. त्या दोषाचा फायदा घेणारे तंत्र आपल्या आज्ञा कर्नलच्या मेमरीत सोडून त्या चालवीत असे. नव्या व्यवस्थेत कर्नलच्या एखाद्या पानावरील मजकूर आज्ञा म्हणून चालवता यावा की नाही, याचा शेवटचा शब्द सुरक्षित भागाकडे असतो. तो आधी त्या मजकुरावरील डिजिटल सही तपासतो आणि मगच खालच्या तक्त्यात परवानगी देतो. आणि ज्या पानाला चालवण्याची परवानगी मिळाली, त्यावर त्यानंतर लिहिता येत नाही. कर्नलमध्ये दोष असेल, हल्लेखोर आतही येईल, पण बरोबर आणलेल्या आज्ञा तेथे चालवणे त्याला फार जड जाते.

जड जाते, अशक्य होत नाही, आणि येथे उत्पादनांच्या जाहिरातींपेक्षा थोडे सावध बोलायला हवे. हल्लेखोर नव्या आज्ञा न आणता कर्नलमधील नुसती माहिती बदलू शकतो, उदाहरणार्थ एका सामान्य प्रोग्रामच्या नोंदीत प्रशासकाची ओळख चिकटवणे. त्यात आज्ञांची एकही ओळ बदललेली नसते. खरी सही असलेला पण दोषयुक्त जुना ड्रायव्हर बरोबर आणून त्याच्या पाठीवरून कर्नलमध्ये शिरणे, ही तर अलीकडे नेहमीची युक्ती झाली आहे, आणि म्हणून अशा ड्रायव्हरची काळी यादीच ठेवावी लागते. गुपिते सांभाळणारी तिजोरीही संस्थेच्या नेटवर्कवरील खात्यांसाठी आहे. केवळ त्या यंत्रावर असलेल्या स्थानिक खात्यांना तिचे संरक्षण नाही. कीबोर्डवर टाइप होणारा पासवर्ड तिथल्या तिथे टिपून घेणाऱ्या प्रोग्रामपुढे तर ती काहीच करू शकत नाही.

आणखी एक वाट बरीच वर्षे उघडी राहिली होती. मेमरी फक्त प्रोसेसरच वाचत नाही. नेटवर्क कार्ड, डिस्क किंवा थंडरबोल्ट पोर्टमध्ये लावलेले उपकरण कामाचा वेग वाढवण्यासाठी मेमरीशी थेट देवाणघेवाण करते, आणि तेव्हा प्रोसेसरच्या तक्त्यांशी त्याचा संबंध येत नाही. पुढच्या दाराला तीन कुलपे आणि परसदार सताड उघडे, अशातला हा प्रकार होता. त्यासाठी उपकरणांच्या वाटेवर वेगळा तपासनीस, आयओएमएमयू, बसवावा लागला. कोणत्या उपकरणाला कोणती पाने दिसावीत याचा स्वतंत्र तक्ता त्याच्याकडे असतो.

मोबाइल फोनमध्ये हीच कल्पना वेगळ्या अंगाने आली. एआरएमच्या ट्रस्टझोन रचनेत प्रोसेसरच्या दोन अवस्था असतात: एकीत अँड्रॉइड चालते, दुसरीत एक छोटी, वेगळी प्रणाली चालते, आणि बोटाचा ठसा जुळवण्यासारखी कामे या दुसऱ्या अवस्थेत होतात. ॲपलने २०१३ सालच्या आयफोन ५एस पासून त्याहून एक पाऊल पुढे टाकून या कामासाठी चिपवर निराळा छोटा प्रोसेसरच ठेवला. वरवर पाहता ही चैन वाटते, पण तिच्यामागील कारण २०१८ च्या जानेवारीत साऱ्या जगाला कळले.

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले. ते कोणत्याही प्रोग्राममधले नव्हते; ज्या सिलिकॉनवर आपण वरची सगळी इमारत उभी केली, त्याच्या चालण्याच्या पद्धतीतले होते. वेगवान प्रोसेसर एकेक आज्ञा पूर्ण होण्याची वाट पाहत बसत नाही. पुढच्या आज्ञा तो आधीच करून ठेवतो आणि त्या करायला नको होत्या असे दिसले की त्यांचे परिणाम पुसून टाकतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये असे आढळले की रिंग ३ मधील प्रोग्रामने कर्नलचा एखादा बाइट मागितला, तर परवानगीचा निर्णय अमलात येण्याआधीच तो बाइट पुढच्या आज्ञांच्या हाती पडत असे. नंतर सगळे पुसले जाई, पण एक खूण राहून जाई. त्या बाइटची किंमत ० ते २५५ यांपैकी काहीतरी असणार. हल्लेखोर २५६ पाने मांडून ठेवी आणि त्या क्षणिक आज्ञांकडून, बाइटची जी किंमत असेल त्या क्रमांकाच्या पानाला स्पर्श करवून घेई. स्पर्श झालेले पान प्रोसेसरजवळच्या कॅशे या वेगवान साठ्यात येते, आणि कॅशेतील माहिती मुख्य मेमरीच्या मानाने कितीतरी लवकर मिळते. मग एकेका पानाला किती वेळ लागतो हे मोजायचे, एवढेच काम उरे. ओळीने मांडलेल्या २५६ पातेल्यांना हात लावून नुकतेच चुलीवर चढलेले कोणते, हे ओळखण्यासारखाच हा प्रकार. झाकण उघडून आत पाहण्याची गरजच पडत नाही.

यावर तातडीचा उपाय म्हणून रिंग ३ चालू असताना कर्नलची जवळजवळ सगळी पाने तक्त्यातूनच काढून टाकली गेली, आणि कर्नलला हाक मारताना दर वेळी तक्ता बदलण्याची किंमत संगणकाच्या वेगातून मोजली गेली. यामागची अडचण खोलवरची होती: दोन भाग तक्त्यांनी कितीही वेगळे केले, तरी कॅशे आणि प्रोसेसरमधील इतर साठे ते दोघे मिळून वापरत होते. माझ्या मते मेल्टडाउनमुळे यंत्रांतर्गत विलगीकरणाची कल्पना खोटी ठरली नाही. विलगीकरणाची सीमा कोठे आखायची याचे उत्तर मात्र बदलले. गुपितासाठी वेगळा प्रोसेसर देण्याची चैन तेव्हापासून तितकीशी चैन वाटेनाशी झाली.

वेगाची किंमत विंडोजच्या या व्यवस्थेतही मोजावी लागते. दोन मजली तक्ते असल्यामुळे एका पत्त्याचा माग काढताना सर्वांत वाईट स्थितीत मेमरीला २४ वेळा हात लावावा लागतो. एकदा सापडलेले पत्ते प्रोसेसर लक्षात ठेवतो, म्हणून रोजच्या वापरात ते सहसा जाणवत नाही. कर्नलच्या पानांवरील नियंत्रण वेगाने अमलात आणणारी सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या आणि एएमडीच्या झेन २ पासूनच्या प्रोसेसरमध्ये आहे. त्याहून जुन्या यंत्रांत तेच काम सॉफ्टवेअरने निभावावे लागते आणि तेथे मंदपणा अधिक जाणवतो. गेम खेळणारे काही जण म्हणूनच ही सोय बंद करून टाकतात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहारही होतात, त्यावर तसे करणे मला पटत नाही.

आपल्या यंत्रावर ही व्यवस्था चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी विंडोज ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ या भागातील ‘कोअर आयसोलेशन’ पाहावे; ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची कळ तेथे असते. नव्या यंत्रांवर ती बहुधा चालूच असते. ती बंद असेल आणि चालू होत नसेल, तर बऱ्याचदा कारण एखादा जुना ड्रायव्हर असतो, जो लिहिताही येईल आणि चालवताही येईल अशी मेमरी मागतो. विंडोज त्याच्या फाइलचे नाव त्याच पडद्यावर दाखवते. बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर मिळालेले डोंगल यांचे जुने ड्रायव्हर यात सापडू शकतात, आणि कधी कधी ते उपकरण केव्हाच भंगारात गेलेले असते, पण ड्रायव्हर मात्र मागे राहिलेला असतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा किंवा उपकरणच नसेल तर जुना काढून टाकावा, आणि मग कळ चालू करून संगणक पुन्हा सुरू करावा. हा बदल चालू यंत्रावर तत्काळ लागू होत नाही, कारण हायपरव्हायजरला कर्नलच्या आधी जागे व्हावे लागते.